लिहित्या खोलीचे स्थलांतर : पाच्छा पेठ ते जुळे सोलापूर

ज्यांचे काम घरातच चालते आणि ज्यांना कामाच्या मध्यावर घर बदलावे लागणार आहे, अशा लिहिणाऱ्यांच्या उपयोगासाठी या नोंदी ठेवल्या आहेत. पाच्छा पेठेतले आमचे भाड्याचे माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर मालकांनी पाडून बांधायला काढले, म्हणून जुळे सोलापुरात सर्वांत वरच्या मजल्यावरचा एक फ्लॅट घेतला. त्या वेळी टेबलावर एक अर्धी कादंबरी होती : तेलंगणातून पोटासाठी सोलापुरात आलेल्या पद्मशाली विणकर कुटुंबाच्या तीन पिढ्यांची. भांडी, गाद्या आणि फ्रिज यांविषयी येथे काही लिहिलेले नाही. ते काम सर्वांना येते.

१७ मार्च २०२४

नव्या खोलीची मापे सगळेच घेतात. जुन्या खोलीचीही घ्यायला हवीत, म्हणून भिंतीवरचा पहिला खिळा काढण्याआधी या खोलीत काम कसे होते ते दोन पाने भरून लिहून काढले. भिंती दगडमातीच्या आणि हातभर जाड असल्याने ऐन उन्हाळ्यातही दुपारी पंख्यावर भागते. उजेड माळवदातल्या सवण्यातून, म्हणजे छताच्या झरोक्यातून, पडतो आणि दुपारपर्यंत टेबलावरून सरकत दाराकडे जातो, त्यामुळे लेखन कधी आवरायचे हे घड्याळाला विचारावे लागत नाही. बोळाच्या पलीकडे टॉवेलच्या यंत्रमागांचा कारखाना आहे, आणि अलीकडे शेजारच्या अक्का मांडीवर सूप घेऊन उंबऱ्यात विड्या वळत बसतात.

यंत्रमागाचा आवाज सलग असतो असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात कांडी, म्हणजे आडव्या धाग्याची गुंडाळी, संपली की माग थांबतो, ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की विणकर तो थांबवतो, ताण्याचे बीम संपले की बराच वेळ शांतता असते आणि वीज गेली की सगळे माग एकदम गप्प होतात. त्या खंडात बोळातले बोलणे ऐकू येते. कोणाचा जावई परत गेला, मुकादमाने कोणाच्या विड्या छाटात, म्हणजे नापास मालात, काढल्या, कोणाच्या पोराला पुण्यात नोकरी लागली, हे सारे त्या फटींतून खोलीत येत असे. हे टिपण त्या दिवशी निव्वळ शिस्त म्हणून केले होते. पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडले ते हेच.

२४ मार्च

पुस्तकांची बांधणी. किराणा दुकानातून आणलेले मोठे खोके पहिल्या दिवशीच बाद ठरले, कारण भरलेला खोका हमालालाही एकट्याने उचलेना आणि दोन खोक्यांचे बूड जिन्यापाशीच सुटले. औषधांच्या दुकानांत मिळणारे लहान, दुहेरी पुठ्ठ्याचे खोके पुस्तकांना योग्य आहेत. जाडजूड पुस्तकांचे वजन फूटभर लांबीला साताठ किलो होते, तेव्हा दीड फुटापेक्षा लांब खोका घेऊच नये. पुस्तके आडवी ठेवावीत. उभी, कलती ठेवली की बांधणीचा कणा मोडतो.

मातीच्या घरातून निघताना कसर आणि वाळवी आपल्याबरोबर येते, म्हणून प्रत्येक पुस्तक बाहेर पडवीत कोरड्या ब्रशने झटकले. भिंतीला टेकून राहिलेल्या खालच्या फळीवरची सात-आठ पुस्तके आतून पोखरलेली निघाली. मुखपृष्ठ शाबूत आणि आत मातीचे बोगदे, असा प्रकार. ती तिथेच टाकून दिली. जी संशयास्पद वाटली ती प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून वेगळ्या खोक्यात घातली आणि खोक्यावर तसे ठळक लिहिले. उन्हात पुस्तके पसरण्याचा सल्ला अनेकांनी दिला. सोलापूरच्या मार्चातल्या उन्हात जुना कागद एका दुपारीत कडक होतो आणि डिंक सुटतो, म्हणून तो मानला नाही.

३० मार्च

मोठे नुकसान या दिवशी झाले. कादंबरीच्या टिपणांची कार्डे बुटांच्या खोक्यांत होती आणि चालू प्रकरणाची कार्डे भिंतीवरच्या दोरीला चिमट्यांनी अडकवलेली होती. मदतीला आलेल्या भाचीने ती अतिशय नीटनेटकी उतरवली, आकाराप्रमाणे आणि रंगाप्रमाणे लावली, रबर घातले आणि वर चिठ्ठीही चिकटवली. क्रमांक कोणत्याच कार्डावर नव्हता. कोणत्या प्रसंगानंतर कोणता, हे केवळ कार्डाच्या दोरीवरील जागेने कळत होते, आणि ती जागा आता उरली नव्हती.

भिंतीचा एक फोटो फोनमध्ये सापडला, तोही भाचीच्या मुलाच्या वाढदिवसाचा. त्याच्या डोक्यामागे दोरीचा अर्धा भाग दिसत होता. मोठा करून पाहिल्यावर चिमट्यांचे रंग आणि थोडी अक्षरे लागली. उरलेला क्रम आठवून लावताना पुढचे नऊ दिवस गेले. घर बदलणाऱ्याने कागद हलवण्याआधी भिंत, टेबल आणि खणांचे फोटो काढावेत आणि प्रत्येक कार्डावर पेन्सिलने क्रमांक टाकावा. शाईने टाकू नये, कारण क्रम बदलणारच असतो.

एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. क्रम पुन्हा लावताना धाकट्या दिराच्या पात्राची कार्डे कोठेच बसेनात. ती कोठे होती हे आठवेना, याचा अर्थ ती कोठेही असती तरी चालले असते. ते पात्र काढून टाकले. दोन वर्षे ते फुकटचे जेवत होते.

११ एप्रिल

पाडव्याला नव्या घरात दूध उतू घातले होते. सामान आज गेले. टेम्पो आणि हमाली मिळून ९,५०० रुपये झाले. त्यात पुस्तकांचा वाटा निम्म्याहून अधिक, कारण हमाल मजल्याप्रमाणे आणि नगाप्रमाणे पैसे घेतात व पुस्तकांचे नग संसारापेक्षा जास्त निघाले. मंगळवार बाजारातून फार पूर्वी घेतलेले सागवानी टेबल जिन्याच्या वळणावर अडकले. पाय सुटे करता येतात हे सुताराने दाखवल्यावर अर्ध्या तासाचे काम झाले. ते आधी केले असते तर भिंतीचा रंग वाचला असता.

घरच्यांनी आधी स्वयंपाकघर, मग झोपण्याच्या खोल्या आणि शेवटी लिहिण्याची खोली असा क्रम ठरवला होता. तो मी उलटा करायला लावला. टेबल, दिवा, चालू प्रकरणाचा खोका आणि शब्दकोश एवढे त्याच रात्री मांडले. सासूबाईंनी, ‘‘चहा कशात करायचा ते तरी सांग,’’ असे विचारले, आणि त्यांचे बरोबर होते. पण ज्या खोलीत सामान ‘तात्पुरते’ ठेवले जाते ती खोली पुढे सहा महिने सामानाचीच राहते, हे इतरांच्या घरी पाहिले होते.

२१ एप्रिल

फळ्या. सुताराने तयार पार्टिकल बोर्डाचे कपाट सुचवले, ते स्वस्त पडत होते. आठवड्यात साडेतीन फुटांची फळी मधोमध इतकी वाकली की वरचे दार लागेना. ते परत करता आले नाही. आता त्यात चादरी ठेवल्या आहेत. दुसऱ्यांदा १९ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड घेतले, दोन आधारांतले अंतर अडीच फुटांच्या आत ठेवले आणि मागे भिंतीपासून इंचभर जागा सोडली. खर्च ३२,००० रुपये, पहिले कपाट वेगळे. पश्चिमेची भिंत बाहेरून उन्हाने तापते, म्हणून तिच्यावर पुस्तके लावली नाहीत. त्यामुळे काही खोके अजून न उघडता पडले आहेत.

५ मे

उन्हाने काम बंद पाडले आहे. माळवदाखाली राहिलेल्या माणसाला वरच्या मजल्याच्या स्लॅबची कल्पना नसते. तो दिवसभर तापतो आणि सूर्य मावळल्यावर साठवलेली उष्णता खाली सोडू लागतो, त्यामुळे रात्री अकराला खोली दुपारच्या दोनपेक्षा असह्य होते. लेखनाची नेहमीची वेळ सकाळी नऊ ते बारा होती. आता दहालाच घाम कागदावर पडतो.

कूलर आणला, ७,००० रुपये. सोलापूरच्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, पण बंद खोलीत त्याने हवा इतकी ओलसर केली की हस्तलिखिताची पाने कडेने वळली, जेल पेनाची शाई पसरू लागली आणि नव्या फळ्यांना वास येऊ लागला. शिवाय त्याला रोज पाणी लागते. उजनी धरण या उन्हाळ्यात वजा पातळीत गेले आहे, गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, आणि लिहिण्यासाठी बादल्या ओतण्याची लाज वाटते. कूलर बैठकीत गेला.

उपयोग झाला तो गच्चीवर चुन्याचे पांढरे दोन हात दिल्याचा. चुन्यात चिकटपणासाठी फेविकॉल घातले होते. साहित्य आणि मजुरीसह १,८०० रुपये. रात्रीच्या उष्णतेत फरक हाताला जाणवण्याइतका पडला. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावून काही होत नाही, बाहेरून बांबूच्या कामट्यांचा तट्ट्या लावावा लागतो. आणि वेळ बदलली : आता पहाटे साडेचारला टेबलाशी बसते व आठला उठते.

७ मे

आज लोकसभेचे मतदान. मतदारयादीत नाव अजून जुन्याच पत्त्यावर आहे, म्हणून दुपारच्या आधी पेठेत गेले. आमच्या घराचे दार काढून नेले होते. अक्का उंबऱ्यातच होत्या. पाणी सुटायचा दिवस होता, त्यामुळे सारा बोळ घागरी आणि नळ्या घेऊन बाहेर होता, आणि मी तिथे तासाहून अधिक वेळ उभी राहिले. एक बाई दुसरीला तेलुगूत सांगत होती, तिसरी मराठीत मध्येच दुरुस्त करत होती, सायकलवरचा पोरगा ‘‘काय करालाव बे?’’ म्हणत निघून गेला आणि अक्कांनी मला विचारले, ‘‘तिकडं पाणी कसं येते, वैनी? रात्री जागायला लागते का तुमाला?’’

त्याचे उत्तर देताना लक्षात आले की नव्या इमारतीत पाणी केव्हा येते हे मला माहीतच नाही. खाली हौद आहे, मोटार वॉचमन लावतो, वरच्या टाकीतून नळाला सदैव पाणी असते. त्यामुळे कोणी बाहेर येत नाही. शेजारच्या दारावरची पाटी वाचली आहे, त्या घरातल्या माणसांचा आवाज ऐकलेला नाही. पेठेत पाण्याचा दिवस हा माझ्या कामाचा दिवस होता आणि त्याची मी वर्षानुवर्षे तक्रार करत आले.

२ जून

सहावे प्रकरण पूर्ण झाले आणि ते वाचवत नाही. पहिल्या पाच प्रकरणांशी ताडून पाहिले. तिथे पानांचा जवळजवळ अर्धा भाग संवादांचा आहे. सहाव्यात माणसे विचार करतात, आठवतात, खिडकीबाहेर पाहतात, आणि बोलतात तेव्हा वर्तमानपत्रातल्या अग्रलेखासारखी बोलतात. पहाटे साडेचारला आजूबाजूला एकही माणूस बोलत नसतो, हे त्याचे सरळ कारण आहे. वेळ उन्हाने ठरवली, आणि गद्य वेळेने ठरवले.

यावर पहिला उपाय केला तो मागांच्या आवाजाचा. पुतण्याला पेठेत पाठवून कारखान्यापाशी फोनवर तासभर ध्वनिमुद्रण करवून घेतले आणि लिहिताना ते लावले. पहिले दोन दिवस बरे गेले. पुढे माग कोठे थांबणार हे पाठ झाले, आणि ज्या क्षणी ते कळले त्या क्षणी कान त्या खंडाची वाट पाहू लागले व हात थांबला. बोळातल्या खंडाचा उपयोग तो अवचित येण्यात होता. मुद्रण पुसून टाकले.

दुसरा उपाय अधिक महागात पडला. सहावे प्रकरण रुळावर येत नाही म्हणून पाचवे सुधारायला घेतले. नव्या खोलीच्या शांततेत बसून वाचताना त्यातले मध्येच येणारे आवाज, तोडलेली वाक्ये, दारात येऊन काही न सांगता परत जाणारी माणसे, हे सर्व सैल वाटू लागले आणि मी ते काढत गेले. माझ्या कादंबऱ्या प्रथम वाचणाऱ्या मैत्रिणीला दोन्ही रूपे न सांगता दिली. तिने सुधारलेले रूप परत देताना एवढेच विचारले की या घरातले सगळे लोक गेले कुठे. सुदैवाने जुनी प्रत खोक्यात होती. तेव्हापासून नियम केला आहे : जुन्या घरात लिहिलेल्या प्रकरणांना नव्या घरात किमान वर्षभर हात लावायचा नाही. शुद्धलेखनालासुद्धा नाही, कारण सुरुवात तिथूनच होते.

१४ जून

पत्त्याची कामे. एका मासिकाने तपासायला पाठवलेले मुद्रित आणि एका अनुवादाच्या मानधनाचा धनादेश जुन्या पत्त्यावर जाऊन परत गेले. पोस्टात पत्ताबदलाचा अर्ज देता येतो आणि त्यानंतर टपाल नव्या पत्त्यावर वळवले जाते. तो स्थलांतराच्या आधी द्यावा. कुरिअरला तो लागू नाही, म्हणून प्रकाशक आणि संपादकांना वेगळे कळवावे लागते. मुद्रित उशिरा हाती आल्यामुळे लेख दुरुस्तीविना छापला गेला. त्यात एका विणकामाच्या संज्ञेचे भलतेच झाले आहे.

वाचनालयाचेही असेच. हिराचंद नेमचंद वाचनालय पूर्वी संध्याकाळी सहज पायी जाण्याच्या अंतरावर होते, त्यामुळे न ठरवता काहीतरी हाती लागत असे. आता स्कूटर काढावी लागते, म्हणून यादी करून जाते आणि यादीतलेच घेऊन येते. वाचन जास्त शिस्तीचे झाले आहे आणि कमी रंजक.

२१ जुलै

पावसाने खोली पुन्हा माणसाने बसण्याजोगी झाली. वेळ सकाळी नऊवर आणली; सहावे प्रकरण फाडले.

या महिन्यात दिवाळी अंकांच्या कथांची मुदत असते. कादंबरी अडली असताना कथा मात्र आठवडाभरात झाली, आणि ती पूर्णपणे या इमारतीतली आहे : वॉचमन, बंद दारे, लिफ्टमधला आरसा, दुपारी एकटे असलेले म्हातारे. पेठेत राहून ही कथा मला सुचली नसती. तेव्हा नवे घर लिहू देत नाही ही माझी जूनमधली तक्रार अर्धीच खरी होती. ते जुने काम करू देत नव्हते.

संध्याकाळी राम जोशी वाचत बसले होते. सोलापूरच्या या शाहिराला तमाशाच्या नादापायी थोरल्या भावाने घराबाहेर काढले, तो पंढरपुरास जाऊन संस्कृत शिकला आणि मग पुण्यात गाजला, अशी हकीकत त्याच्या चरित्रांत येते. त्याच्या लावण्यांतली संस्कृत शब्दकळा ही त्या हाकलून देण्याची कमाई आहे. आमच्याच गावात संतकवी शुभराय महाराजांचा मठ आहे. तेही म्हैसूरकडून आलेले, आणि पदे रचली ती मराठीतही. ही माणसे मुलूख बदलून लिहीत राहिली आणि मी सहाएक किलोमीटरांवरून एवढ्या नोंदी करते आहे, हे मला दिसते. पण नोंदी ठेवायच्या तर त्या आपल्याच किलोमीटरांच्या ठेवाव्या लागतात.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. पद्मशाली समाज ज्यांना आपले मूळपुरुष मानतो त्या मार्कंडेय महामुनींचा रथ पाहायला शहराच्या पूर्व भागात गेले. माग बंद, रस्ते माणसांनी भरलेले, घरोघरी नवी जानवी घातलेली. पेठेत इतकी वर्षे राहून हा दिवस मी गच्चीवरून पाहत असे. आज पाहुणी म्हणून गेल्याने अक्कांनी घरात बसवून जेवू घातले. त्यांच्या सासऱ्यांनी गाव सोडताना काय आणले, हे मी पूर्वी अनेकदा विचारले होते आणि दरवेळी ‘काय आणणार’ एवढेच ऐकले होते. आज त्यांनी आपणहून आतून एक जुना लाकडी धोटा, मागावर आडवा धागा नेणारा, आणून दाखवला. दोन्ही टोकांचे लोखंड झिजलेले, मधल्या खाचेत कांडीच्या जागी आता घराच्या किल्ल्या ठेवलेल्या. सासऱ्यांना हातमाग आणता आला नाही, तो वाटेत विकावा लागला. धोटा तेवढा धोतरात गुंडाळून आणला.

कादंबरीत ते कुटुंब माग घेऊन येते, असे पहिल्या प्रकरणात मी लिहून ठेवले आहे. ते बदलावे लागेल, म्हणजे जूनचा नियम मोडावा लागेल. तूर्त पहिल्या प्रकरणाच्या कार्डावर पेन्सिलीने खूण केली आहे आणि दुरुस्ती सातव्या प्रकरणात, दुसऱ्या पिढीच्या तोंडून करता येते का ते पाहते आहे.

हेही लक्षात आले की शेजारी असताना जे विचारून मिळत नव्हते ते आता भेटीला गेल्याने मिळते. शेजारणीला सांगण्यासारखे काही नसते, तिने सगळे पाहिलेले असते असे धरून चालतात. म्हणून पाण्याच्या दिवशी पेठेत जाण्याचा क्रम ठेवला आहे. जाताना वही नेत नाही. परत आल्यावर रात्री जे आठवेल तेवढेच लिहिते.

२९ सप्टेंबर

सातव्या प्रकरणाचा कच्चा खर्डा झाला. संवाद परत आले आहेत, मात्र पूर्वीसारखे नाहीत : आता माणसे एकमेकांना प्रश्न विचारतात, कारण मीही तिथे प्रश्न विचारणारी झाले आहे. पहिल्या पाच प्रकरणांत कोणी कोणाला काही विचारत नाही, सगळ्यांना सगळे ठाऊक असते. हा फरक मिटवायचा नाही असे ठरवले. सहाव्या प्रकरणात कुटुंबातली थोरली मुलगी लग्न होऊन विजापूर रस्त्याकडे राहायला जाते आणि तिथून पुढची कथा तिच्या येण्याजाण्यातून सांगितली जाते. त्यासाठी सहावे तिसऱ्यांदा लिहायला घेतले आहे.

खर्चाचा आकडा, संसाराचे सामान सोडून, पन्नास हजारांच्या पुढे गेला आहे. त्यात बाद झालेले कपाट आणि बैठकीत गेलेला कूलर धरला आहे. वेळेच्या बाबतीत मार्चअखेर ते जुलैमध्यापर्यंत कादंबरीचे एकही टिकाऊ पान झाले नाही. घर बदलायचे असेल तर त्या काळात मोठे काम हाती ठेवू नये, अनुवाद, मुद्रिते किंवा लहान लेख घ्यावेत. तशी निवड मला नव्हती.

उरलेली कामे : पश्चिमेच्या भिंतीसमोरचे खोके उघडणे, संशयित पुस्तकांची पिशवी सोडून पाहणे, आणि पुढच्या मार्चच्या आत खिडकीला बाहेरून कायमचा तट्ट्या बसवणे. सुताराने दसऱ्यानंतरची वेळ दिली आहे.